वाटीत उरलेला स्क्रू

पाचव्या माळेला माझा जुना कॉम्प्युटर गेला. आठवडाभर कुरकुरत होता, एकदोनदा निळा पडला, आणि त्या दिवशी दुपारी बंद झाला तो झालाच. ११ वर्षं राबला, त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण गेला तो २०८ पानी दिवाळी अंक अर्धवट असताना. रोज रात्री फाइल्स पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायची सवय आहे म्हणून निभावलं.

मी नारायण पेठेत घरी बसून डीटीपी करते. वर्षभर लग्नपत्रिका, स्मरणिका, कुणाचा कवितासंग्रह. गणपती गेले की दिवाळी अंक. संपादकांनी सांगून ठेवलं होतं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी पानं प्रेसला गेली पाहिजेत. म्हणजे हातात पाच दिवस, आणि टेबलावर एक मेलेला डबा.

तयार कॉम्प्युटर घ्यावा असंच मनात होतं. पण भाचा हिंजवडीला असतो, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, त्याच पैशात दुप्पट चांगला होईल, सुटे पार्ट घे आणि तूच जोड. तू ब्लाउजला पायपिंग लावतेस, त्यापेक्षा सोपं आहे." पायपिंग काय असतं हे त्याला कितपत माहीत आहे देव जाणे. तरी त्याने यादी पाठवली आणि मी ती घेऊन दुकानात गेले. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याला चालेल असा बी६५० चा लहान मदरबोर्ड (बाकीचे पार्ट ज्याच्यावर बसतात तो), १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, फाइल्स साठवायला १ टीबीची एसएसडी, सगळ्यांना वीज पुरवणारा ६५० वॅटचा एसएमपीएस आणि एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड नाही. या प्रोसेसरमध्ये पडद्यापुरतं ग्राफिक्स असतं आणि मला काही गेम खेळायचे नाहीत. सगळं मिळून ५५ हजारांच्या आसपास गेलं.

सातव्या माळेच्या रात्री, जेवणं उरकल्यावर, डायनिंग टेबलावर सगळा पसारा मांडला. स्टॅटिकची, म्हणजे अंगावर साठलेल्या विजेने पार्ट जळण्याची, भीती भाच्याने घातलीच होती, म्हणून दर थोड्या वेळाने खिडकीच्या गजाला हात लावत होते.

प्रोसेसर बसवताना जीव अर्धा झाला. बोर्डावर तो जिथे बसतो त्या सॉकेटमध्ये १७१८ केसासारख्या पिना असतात, त्यातली एक वाकली तर बोर्ड गेला. प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग वरची लोखंडी चौकट लावून दांडी खाली ओढायची. ती ओढताना असा कर्र आवाज येतो की काहीतरी मोडलंच. मी दांडी सोडून भाच्याला फोन लावला. "तसाच येतो आवाज, ओढ." ओढली. त्यानंतर पंखा, रॅम, एसएसडी यांचं काही वाटलं नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या, पहिल्या दोनांत नाही, एवढं लक्षात ठेवलं.

मग कॅबिनेट. त्याच्या पत्र्यावर बोर्ड थेट टेकवत नाहीत. मध्ये पितळेचे बोटाच्या पेराहून लहान खांब पिळून बसवतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात, आणि त्या खांबांवर बोर्ड स्क्रूने कसतात. पाकिटात असे ९ खांब होते. पत्र्याला भोकं त्याहून बरीच जास्त होती आणि प्रत्येक भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षर ठोकलेलं होतं. ती अक्षरं मी वाचली नाहीत. बोर्ड वर धरून अंदाज घेतला, आठ खांब बरोबर भोकांखाली आले. नववा हातात राहिला. वरच्या कोपऱ्यात एक भोक मोकळं दिसलं, म्हटलं तिकडेही आधार होईल, आणि लावून टाकला. ९ खांब म्हणून ९ स्क्रू मोजून स्टीलच्या वाटीत काढले होते. बोर्ड कसून झाला तेव्हा वाटीत एक स्क्रू राहिला. शर्टाला जास्तीचं बटण लावून देतात तसा हाही जास्तीचा असेल, असं समजून मी पुढे गेले.

रात्री पाऊणला बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. दहा मिनिटं मी केबली ओढूनखुपसून बघितल्या. मग ह्यांनी मागे वाकून एसएमपीएसवरचं छोटं काळं बटण दाखवलं, ते बंदच होतं. ते चालू करून परत दाबलं. या वेळी प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरा फिरला आणि थांबला. बोर्डावर काहीतरी लाल चमकून विझलं. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. मागचं बटण बंद करून, थोडं थांबून, चालू केलं की पुन्हा एकदाच पाव फेरा. दर खेपेला हेच.

सकाळी भाचा व्हिडिओ कॉलवर आला. त्याच्या सांगण्यावरून मी जे केलं ते सगळं लिहीत बसत नाही, पण अष्टमीचा अख्खा दिवस त्यात गेला. बोर्डाची मोठी २४ पिनी केबल काढून परत कट असा आवाज येईतो दाबली. प्रोसेसरची वेगळी वीज येते ती वरच्या कोपऱ्यातली ८ पिनी केबलही तशीच. एक रॅम काढून पाहिली, मग दुसरी. एसएसडी काढली. कॅबिनेटच्या बटणाची वायर उपटून, बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवूनही चालू करायचा प्रयत्न केला. हे करताना मला पहिल्यांदा कळलं की ते बटण वीज चालू करतच नाही. ते दाराच्या बेलसारखं आहे. बोर्ड आधीपासून थोड्याशा विजेवर जागा असतो, बेल वाजली की तो एसएमपीएसला सांगतो, सोड आता. तेव्हा बटण खराब असेल तर स्क्रूड्रायव्हरने काम व्हायला हवं. पंखा पाव फेराच फिरला.

"बोर्ड गेलेला आलाय मावशी," भाचा म्हणाला. "बदलून घे."

दुकानात फोन केला. आणून द्या, टेस्टिंगला ठेवू, दसऱ्यानंतर सांगतो. दसऱ्यानंतर मला सांगून काय उपयोग? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. सासूबाई घटाजवळ बसून पोथी वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

तळमजल्यावर एक काका राहतात. आमच्या सासऱ्यांचे मित्र, वय पंचाहत्तरीच्या पुढे. आधी रेडिओ, मग टीव्ही दुरुस्त करायचे. एके काळी सुट्या पार्टांसाठी तपकीर गल्लीत रोज चक्कर असायची त्यांची. आता हात थोडा थरथरतो म्हणून काम बंद आहे, पण मल्टिमीटर अजून उशाशी असतो. खंडेनवमीच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, कॉम्प्युटरमधलं तुम्हाला कळतं का? म्हणाले, "कॉम्प्युटरमधलं नाही कळत. विजेतलं कळतं. चल."

वर येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि मला फक्त बटण दाबायला सांगितलं. पाव फेरा. पुन्हा दाब. काही नाही. मागचं बटण बंद, थोडं थांबून चालू, परत दाब. पाव फेरा. तीन वेळा त्यांनी तेच करून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसायला लागलं.

"सूनबाई, हा तुझा सप्लाय रुसून बसतोय. खराब असता तर रुसला नसता. कुठेतरी शॉर्ट दिसतंय त्याला, म्हणून तो आपणहून तोंड मिटतो. आणि मागून बंद करून त्याची समजूत काढल्याशिवाय परत बोलत नाही."

तरी त्यांना स्वतःची खात्री करून घ्यायची होती. बोर्डापासून सगळ्या केबली सोडवल्या आणि एसएमपीएस एकटा बाहेर काढला. नुसत्या एसएमपीएसला चालू करायचं तर २४ पिनी केबलमधल्या एका ठरावीक पिनेला, म्हणजे जिच्यातून बोर्ड 'सोड' म्हणतो तिला, जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तारेशी जोडून द्यायचं. पूर्वी ती तार हिरवी असायची आणि जमिनीच्या काळ्या. माझ्या एसएमपीएसच्या सगळ्याच काळ्या निघाल्या. काका वैतागले. "दिसायला छान म्हणून सगळं काळं! आता माणसाने ओळखायचं कसं?" शेवटी भाच्याने फोटो पाठवला, खटक्याच्या बाजूच्या ओळीतली चौथी आणि पाचवी. मी प्लग काढून ठेवला, पेपर क्लिप सरळ करून यू आकारात वाकवली, दोन्ही भोकांत खोचली, हात बाजूला घेऊन मग वीज दिली. एसएमपीएसचा पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला. काकांनी मल्टिमीटरची टोकं लावली. १२ व्होल्टच्या जागी १२.१. पाचच्या जागी पाचच. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ला ११.४ ते १२.६. त्यांनी मीटर माझ्यापुढे धरला, जसा डॉक्टर नातेवाइकांना एक्स-रे दाखवतो.

"सप्लाय बरोबर. आता तो बोर्ड बाहेर काढ. डब्यातून पूर्ण बाहेर. लाकडावर, नाहीतर खोक्यावर ठेव, आणि तिथे चालव."

बाहेर काढायचा म्हणजे आठही स्क्रू सोडायचे आणि रात्रभराची मेहनत उलटी करायची. केली. बोर्ड ज्या खोक्यातून आला त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, वर प्रोसेसर, पंखा आणि एकच रॅम. दोन केबली जोडल्या, मॉनिटरची एचडीएमआय बोर्डालाच लावली. काकांनी नको म्हणून मान हलवली, मला पुढे केलं. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना टेकवलं.

पंखा फिरला. पाव नाही, अर्धा नाही, फिरतच राहिला. मी ओरडले असणार, कारण हे अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले.

पडदा मात्र काळाच. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे. ज्या पायरीवर अडलं असेल तो दिवा पेटून राहतो. रॅमचा पिवळा दिवा पेटला आणि तसाच राहिला. मिनिटभर वाट पाहिली, बंद केलं, रॅम बदलली, परत चालू. पुन्हा पिवळा. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद करणार तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मावशी, हात लावू नकोस. तू त्याला दर वेळी मधेच उठवतेयस."

त्याने समजावलं ते असं. डीडीआर५ रॅमचा वेग इतका असतो की प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक तारेतून सिग्नल नेमका किती उशिराने पोचतो हे बोर्डाला पहिल्या खेपेला मोजून घ्यावं लागतं. याला ट्रेनिंग म्हणतात. नव्या बोर्डावर, नव्या रॅमसाठी, याला काही मिनिटं सहज लागतात, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर एक अक्षर येत नाही. बंद केलं की पहिल्यापासून. एकदा झालं की बोर्ड ते लिहून ठेवतो आणि मग दुसऱ्या दिवसापासून लवकर उठतो. माझ्या मते ही गोष्ट बोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी. आतल्या पुस्तकात सतरा भाषांत 'पाण्यापासून दूर ठेवा' आहे, हे नाही.

आम्ही तिघं त्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसलो. काकांना चहा दिला. खालच्या मजल्यावर आरती सुरू झाली, 'दुर्गे दुर्घट भारी'. आरती संपून मंत्रपुष्पांजली चालू होती तेव्हा दिवा विझला, शेजारचा पेटला, तोही विझला, आणि पडद्यावर अक्षरं आली. प्रोसेसरचं नाव, मेमरी १६ जीबी, तापमान ४३. काकांनी चष्मा वर करून ते तापमान वाचलं आणि म्हणाले, "ताप नाही."

आता माझी घाई. दुसरी रॅम घातली, पुन्हा दिवा पेटला, या वेळी शहाण्यासारखी थांबले. ३२ जीबी दिसले. बोर्ड बरा होता, एसएमपीएस बरा होता. मग डब्यात काय झालं होतं? मी ठरवून टाकलं की कुठली तरी केबल नीट बसली नसणार. या वेळी नीट बसवू. वीज काढली, बोर्ड उचलला, कॅबिनेट आडवं केलं आणि बोर्ड खांबांवर टेकवणार, तोच सासूबाई दारात.

"ती वाटी दे गं. नैवेद्याला पाच वाट्या लागतात, चारच आहेत. आणि हे काय ठेवलंयस तिच्यात?"

सोडवलेले आठ स्क्रू मी टेबलावरच्या झाकणात ठेवले होते. वाटीत एकटा नववा होता. सासूबाईंनी वाटी तिरकी केली, तो घरंगळत टेबलावर आला आणि फिरत राहिला.

"उरलाय तो," मी म्हटलं.

"उरला कसा?" काका म्हणाले.

मी बोर्ड तसाच हातात धरून उभी. मग बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला झाळण्याचे टोकदार ठिपके असतात, शेकड्यांनी. वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या ८ पिनी केबलच्या बरोबर मागे, दोन ठिपक्यांची टोकं चपटी होऊन चकाकत होती. कॅबिनेटमध्ये पाहिलं. त्याच जागी तो माझा आधाराचा नववा खांब उभा, डोक्यावर मोहरीएवढा काळा डाग. त्या केबलमधून १२ व्होल्ट येतात. ते ठिपके पितळेवर टेकले होते, पितळ पत्र्यात पिळलेलं होतं, आणि पत्रा म्हणजे जमीन. सबंध वीज प्रोसेसरकडे जायच्या आधीच त्या खांबातून उतरून जात होती. एसएमपीएस दर खेपेला अर्ध्या सेकंदाच्या आत ते ओळखून तोंड मिटत होता. त्याने तसं केलं नसतं तर आज माझ्याकडे ५५ हजारांचा कोळसा असता.

मोबाइलचा दिवा पाडून भोकांशेजारची अक्षरं वाचली. ए म्हणजे मोठा एटीएक्स बोर्ड, एम म्हणजे माझ्यासारखा लहान मायक्रो एटीएक्स. बऱ्याच भोकांशी दोन्ही अक्षरं होती. नवव्या खांबाच्या भोकाशी फक्त ए. त्या जागी मोठ्या बोर्डाला भोक असतं, माझ्या बोर्डाला ते बोटभर बाजूला होतं, आणि तिथे मी बरोबर खांब लावलेलाच होता. म्हणजे एकाच कोपऱ्यात दोन खांब, त्यातला एक कुणाच्याच कामाचा नाही. स्क्रू उरला होता तो जास्तीचा दिला होता म्हणून नाही. त्याच्यासाठी वर भोकच नव्हतं.

काकांनी पकडीने तो खांब पिळून काढला. मी बोर्ड परत बसवला, आठ खांब, आठ स्क्रू, वाटी सासूबाईंच्या ताब्यात. बटण दाबलं. चालू झाला. कॅबिनेटमधला, कॅबिनेटच्याच बटणाने.

भाच्याला कळवलं तर तो आधी अर्धा मिनिट हसला, मग म्हणाला की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचा एक्स्पो, म्हणजे तिचा जास्तीचा वेग, चालू कर, आत्ता ती ४८०० वर चालतेय, ६००० वर चालेल. मी विचारलं, ते केलं की परत ट्रेनिंग? म्हणे हो, परत एकदा थांबावं लागेल. म्हटलं, अंक प्रेसला गेल्यावर बघू. दिवाळी अंकाची पानं ४८०० वरही जुळतात.

सासूबाईंनी दुपारी शस्त्रपूजेला मांडलेल्या सुरी-विळीच्या रांगेत माझा स्क्रूड्रायव्हर ठेवला, मल्टिमीटरला हळदकुंकू लावलं. कॅबिनेटला झेंडूची माळ घालायला निघाल्या होत्या. पुढच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, पाकळी आत गेली तर पुन्हा सगळं उघडावं लागेल, असं सांगून माळ मॉनिटरला घालायला लावली. काका नवमीचं पुरण जेवून खाली गेले. जाताना तो पितळी खांब घेऊन गेले; म्हणाले, असू दे माझ्याकडे.

विंडोज, ड्रायव्हर, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी लॉक आणि माझे दोनशेच्या वर फाँट यात संध्याकाळ गेली. रात्री पावणेअकराला पान ९७ उघडलं. एका कथेचा शेवट आणि खाली अगरबत्तीची जाहिरात. जोडाक्षरं जागच्या जागी होती, फक्त जाहिरातीत 'सुगंध'वरचा अनुस्वार थोडा उजवीकडे सरकला होता. तो ओढून जागेवर आणला आणि ९८ वर गेले.